ओबामांच्या विजयानंतर नागरी हक्कांबद्दलची मतं कोणत्या दिशेला सरकली?

काळीशाई (धागाकर्ता)
४ नोव्हेंबर २००८ ला ओबामा ३६५ इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष ठरवणारी, राज्यांच्या वाट्याला येणारी मतं) मिळवून अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. त्या विजयाने अमेरिकेतलं जनमत नागरी हक्कांना अनुकूल झालं असं सर्रास लिहिलं जातं. त्याच विजयाचा दाखला देऊन 'आता वर्णभेद उरलाच कुठे' असंही म्हटलं जातं. दोन्ही एकदम कसं खरं असेल? आणि बदल निवडणुकीमुळेच झाला हे ठरवायचं कसं? आधीचं आणि नंतरचं सर्वेक्षण शेजारी ठेवलं की भागतं का?

नमुना_हजार
दोन्ही खरं असू शकतं, कारण यात तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. कृष्णवर्णीय माणूस राष्ट्राध्यक्ष होऊ शकतो का? आज भेदभाव किती आहे? तो घालवायला सरकारने काही करावं का? पहिल्याला निवडणुकीने ठाम 'हो' मिळवून दिलं, आणि नेमक्या त्याच 'हो'मुळे पुढच्या दोन प्रश्नांवर लोक सैलावले.

मानसशास्त्रज्ञ शेरिल कायझर आणि सहकाऱ्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना निवडणुकीआधी आणि नंतर तेच प्रश्न विचारले होते. निकालानंतर 'वर्णभेद ही आता तितकी मोठी समस्या नाही', 'कष्ट केले की कुणीही वर येतो' याकडे कल वाढला आणि विषमता कमी करणाऱ्या धोरणांचा पाठिंबा घटला. पण एका विद्यापीठाचे विद्यार्थी म्हणजे देश नव्हे. व्हॅलेंटिनो आणि ब्रेडर या राज्यशास्त्रज्ञांनी देशभरातल्या नमुन्यावर तीच पद्धत वापरली, तेव्हा सुमारे एक चतुर्थांश लोकांनी भेदभावाबद्दलचा आपला अंदाज खाली आणलेला दिसला. ज्यांनी तो खाली आणला त्यांच्यात अफर्मेटिव्ह ॲक्शनला (मागे राहिलेल्या गटांना प्रवेशात, नोकरीत झुकतं माप देणाऱ्या धोरणाला) विरोधही वाढलेला होता.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. दोन सर्वेक्षणं शेजारी ठेवून भागत नाही. १००० जणांच्या नमुन्यात मार्जिन ऑफ एरर (नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो ती मर्यादा) साधारण ±३ टक्के असते. दोन वेगवेगळ्या नमुन्यांतल्या फरकाची ±४.४ होते. म्हणजे ५२ वरून ५५ झालं तर काहीच सिद्ध होत नाही. त्या हजारात कृष्णवर्णीय १२० असतील तर त्यांच्या आकड्याची मर्यादा ±९. मथळे बहुतेक वेळा इथेच घसरतात. म्हणून तीच माणसं, तोच प्रश्न, तेच शब्द, प्रश्नांचा क्रमही तोच, असं पॅनल हवं. मुलाखत घेणारा कृष्णवर्णीय की गोरा यानेही उत्तर बदलतं, तेव्हा तेही नोंदवायला हवं. पॅनलमध्येही एक गोष्ट सुटत नाही: सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडाली होती आणि आर्थिक संकट आलं होतं. नोकरीच्या धास्तीने बदललेलं मत निवडणुकीच्या खाती टाकू नका.

पूर्वमंजुरी
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण कार्यकारणभावाची दुसरी बाजूही बघायला हवी. १९५८ मध्ये गॅलप या जनमत चाचणी संस्थेने विचारलं तेव्हा कृष्णवर्णीय उमेदवाराला मत देऊ म्हणणारे अमेरिकन चाळीस टक्क्यांहून कमी होते. २००७ मध्ये, म्हणजे ओबामा निवडून येण्याआधीच, ते नव्वदीच्या पुढे गेले होते. हा पल्ला मतदारांनी आधीच गाठला होता. निवडणूक ही त्याची पावती.

मतं झिरपून कायद्यापर्यंत कशी जातात हेही बघा. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यात ज्या राज्यांचा इतिहास वाईट, त्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यावी लागे. २५ जून २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने शेल्बी काउंटी खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ही राज्यं ठरवणारं सूत्रच रद्द केलं. निकालाला ओबामांच्या विजयाचा आधार नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवं. पण सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ताज्या निवडणुकीची आकडेवारी मांडली: या अटीखाली सुरुवातीला आलेल्या सहा राज्यांपैकी पाचांत कृष्णवर्णीयांचं मतदान गोऱ्यांपेक्षा जास्त. मिसिसिपीत १९६५ मध्ये ६.७ टक्के कृष्णवर्णीयांची नोंदणी होती, २००४ मध्ये ७६.१. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचं विरोधी मत मला आजही जास्त पटतं: छत्रीमुळे आपण भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून द्यायची नसते. मंजुरीअभावी तोवर अडलेला मतदार ओळखपत्राचा कायदा लागू करत असल्याचं टेक्सासने निकालाच्याच दिवशी जाहीर केलं.

काळीशाई
मग बाकीच्या हक्कांचं काय? वंशाबद्दल मन मोकळं झालं की इतरांबद्दलही होतं का?

पूर्वमंजुरी
आपोआप नाही. त्याच ४ नोव्हेंबरला कॅलिफोर्नियात ओबामा मोठ्या फरकाने जिंकले आणि त्याच मतपत्रिकेवरचा समलिंगी विवाह बंद करणारा प्रस्ताव ८ सुमारे ५२ टक्क्यांनी मंजूर झाला.

गावकूस
एका विजयाने धारणा फिरत नाही, अनुभव पुन्हा पुन्हा यावा लागतो. याचा सगळ्यात भक्कम पुरावा वंशाबद्दलचा नाही, महिला नेत्यांबद्दलचा आहे, पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातला. तिथे कोणत्या पंचायतीचं प्रधानपद (म्हणजे पंचायतीचं प्रमुखपद) महिलेसाठी राखीव हे यदृच्छेने ठरायचं, त्यामुळे राखीव आणि अराखीव गावांची तुलना स्वच्छ होते. लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आदी अर्थशास्त्रज्ञांनी गावकऱ्यांना एकच भाषण कधी पुरुषाच्या, कधी बाईच्या आवाजात ऐकवलं. जिथे आधी बाई प्रधान झालीच नव्हती, तिथे पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या भाषणाला कमी लेखलं. जिथे झाली होती, तिथे हा फरक मावळला. मात्र 'नेता पुरुषच हवा' ही आवड तशीच राहिली. समज बदलला, आवड नाही. पहिल्यांदा निवडून आलेल्या महिला प्रधानांना लोकांनी कमीच गुण दिले. दोनदा आरक्षण येऊन गेलेल्या ठिकाणी खुल्या जागांवरही बायका जास्त संख्येने उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. ४९५ गावांच्या पुढच्या अभ्यासात अशाच ठिकाणी मुलामुलींबद्दलच्या आईवडिलांच्या आकांक्षांमधली दरी २५ टक्क्यांनी कमी झालेली आढळली.

महाराष्ट्रात २०११ पासून महिलांना ५० टक्के जागा आहेत, पण सरपंचपदाचं आरक्षण सोडतीने फिरतं. असा अभ्यास इथे करायचा तर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या मागच्या सगळ्या सोडती तहसील कार्यालयातून मिळवून 'एकदा', 'दोनदा', 'कधीच नाही' असे गट आधी पाडावे लागतील. चालू सरपंच बाई आहे की पुरुष एवढ्यावर गट पाडले, तर जिथे लोक आधीपासूनच अनुकूल होते ती गावंही त्यात मिसळतात.