सोयाबीन निघालं, आता हरभऱ्याला रान नांगरायचं का तसंच पेरायचं?

औसेकर_शेती
राम राम मंडळी. आमचं रान औसा तालुक्यात, चार एकर भारी काळी आणि दोन एकर मध्यम. परवा सोयाबीन हार्वेस्टरनं काढलं, गुळी (शेंगांचा भुसा) आणि काडी पट्ट्यापट्ट्यानं रानात पडलीय. जमिनीत ओल चांगली आहे, वरची दोन बोटं सुकलीत पण खाली हात घातला की गार लागतंय. भारी रानात हरभरा करायचाय आणि मध्यम रानात जमलं तर गहू, विहिरीला पाणी आहे पण फेब्रुवारीपर्यंत पुरेल का सांगता येत नाही. आता घरात तीन तोंडं तीन दिशेला झालीत, वडील म्हणतात पलटी मारून घ्या रान तापेल, ट्रॅक्टरवाला म्हणतो दोनदा रोटा (रोटाव्हेटर) मारला की पेरायला मोकळं, आणि शेजारच्यानं तर काहीच न करता धसकटातच पेरलंय. ज्यांनी असं केलंय त्यांनी अनुभव सांगा, नुसतं थिअरी नको. सोयाबीनचा भाव बघता मशागतीवर उगाच खर्च करायची ताकद नाही.

काळीभोर
दादा, आधी पलटी नांगर डोक्यातून काढा. वडिलांचं म्हणणं चुकीचं नाही पण ते उन्हाळ्यातल्या नांगरटीबद्दल आहे, मार्च एप्रिलमध्ये नांगरलं की ढेकळं उन्हात तापतात, हुमणीच्या अळ्या, घाटे अळीचे कोष वर येतात, पक्षी खातात, जूनमध्ये पाऊस पडला की तीच ढेकळं आपोआप विरघळतात. ऑक्टोबरात ते पाऊस-पाणी कुठंय? भारी काळ्या रानात आत्ता पलटी मारली तर खालची ओली माती वर येऊन चकचकीत पापुद्रा धरते आणि चार दिवसांत तिची वीट होते. मग ती वीट फोडायला दोन पाळ्या रोटा, तोवर ओल उडून गेलेली, आणि मग हरभरा उगवायलाच पाणी द्यायचं. म्हणजे डिझेल घालून ओल घालवायची आणि वीज घालून परत आणायची.

आमच्याकडं बरीच वर्षं सोयाबीनवर हरभरा बिना मशागतीचाच आहे. जिरायत हरभऱ्याचं सगळं भांडवल म्हणजे परतीच्या पावसाची जमिनीत मुरलेली ओल. सोयाबीनची मुळं रानातच राहू द्या, उपटू नका, ती कुजली की त्याच नळ्यांतून हवा-पाणी खाली जातं आणि हरभऱ्याचं सोटमूळ तिथूनच उतरतं. हे बघायचं असेल तर डिसेंबरात एक झाड कुदळीनं खोल खणून काढा आणि बाजूच्या रोटा मारलेल्या रानातलं एक काढा. रोटाच्या रानात वरची वीतभर माती पिठासारखी आणि खाली पात्यांनी घासून झालेला कडक थर, मूळ तिथं जाऊन आडवं वळलेलं दिसतं.

फक्त हार्वेस्टरच्या मागं पडलेला पट्टा पसरवून घ्या, हे काम चुकवू नका. तसाच ठेवला तर पेरणी यंत्राच्या दात्यात काडी गुंतते, ढीग ओढत जातो आणि बी उघडं पडतं. आणि पेरायला पहाटे जाऊ नका, दवात काडी चिवट असते, ऊन चढून ती कडकड मोडायला लागली की मग यंत्र घाला.

खारपाण_अकोला
काळीभोर भाऊंचं ओलीबद्दल शंभर टक्के खरं हाय. आमचा तर पूर्णेचा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी खारट, ते दिलं की जमीनच बिघडते, म्हणून आमचा हरभरा पिढ्यान्‌पिढ्या ओलीवरच. इथं दसरा-दिवाळीत नांगर काढणाऱ्याले लोक येडा म्हणतीन.

पण एक गोष्ट कोणी सांगितली नाही ती सांगतो. काडी न कुजलेली, वरून ओल, वरून ऑक्टोबरची गरमी, असं तिन्ही जुळलं का हरभऱ्याले मूळकूज आणि खोडाची कूज धरते. झाड पिवळं पडून माना टाकते, उपटून पाहा, जमिनीलगत खोडावर पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीच्या दाण्याएवढे तपकिरी गोळे दिसतीन. स्क्लेरोशियम म्हणतात त्याले, न कुजलेल्या पाल्यावरच वाढते थे. लोक मर रोग समजून वरून औषध मारत बसतात, उपयोग काहीच नाही. मर वेगळी, तिच्यात खोड उभं चिरलं का आतून काळपट रेघ दिसते.

म्हणून बिना मशागत कराच, पण जिथं काडीचा थर जाड हाय तिथली काडी उचलून धुऱ्यावर (बांधावर) टाका नाहीतर बकऱ्यावाल्याले द्या, गुळी बकऱ्या आवडीनं खातात. पेटवू तर अजिबात नका, वरच्या थरातला जीव जळून जाते. बियाण्याले ट्रायकोडर्मा किलोले 5 ग्रॅम, मग रायझोबियम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) लावून सावलीत सुकवून पेरा. रासायनिक बुरशीनाशक लावणार असाल तर थे आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. आणि जमीन लय ओली असतानी घाई करू नका, वापसा येऊ द्या, म्हणजे जास्तीची ओल जाऊन माती पेरण्याजोगी मोकळी होऊ द्या.

औसेकर_शेती
धन्यवाद दोघांनाही. वापसा आला हे पक्कं कसं ओळखायचं? वरून सुकलेलं दिसतं पण ट्रॅक्टर नेला की मागच्या चाकाला चिकटतंय. आणि हार्वेस्टर फिरला तिथं दोन्ही बाजूला चाकोऱ्या पडल्यात, ते रान दगडासारखं झालंय, तिथं पण तसंच पेरू का?

काळीभोर
चाकाला चिकटतंय म्हणजे अजून वापसा नाही, दोन-तीन दिवस थांबा. वीतभर खालची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटून भुगा झाला तर वापसा. चपटा होऊन पडून राहिला तर ओल जास्त. गोळाच होत नसेल तर उशीर झाला, मग पेरून पाणी द्यावं लागेल.

चाकोऱ्यांसाठी सगळं रान नांगरायचं काही कारण नाही. तेवढ्याच पट्ट्यातून मोगडा किंवा कल्टिव्हेटरचे दोन फण चालवा, बास. 2025 च्या सप्टेंबरात आपल्या मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यानंतर चिखलातच हार्वेस्टर घातलेली रानं किती दबली ते सगळ्यांनी पाहिलंय, अशा ठिकाणी नुसतं वर खरवडून काही होत नाही, उन्हाळ्यात सबसॉयलर घालून तो थर फोडावा लागतो. पण ते उन्हाळ्यात, कोरड्या रानात. ओल्यात घातला तर थर फुटत नाही, फक्त चीर पडते.

रोटा_भारी
माझं मत थोडं वेगळं आहे, राग नको. बिना मशागतीचं ऐकायला छान वाटतं पण तणाचं काय? आमच्याकडं हरळी आणि लव्हाळा आहे, शिवाय हार्वेस्टरनं झडलेलं सोयाबीन पंधरा दिवसांत हिरवंगार उगवून येतं, ते हरभऱ्याच्या आधी ओल पिऊन टाकतं. एक हलका रोटा मारला की सगळं साफ आणि बी पण सारखं पडतं. यंत्र भाड्यानं आणणाऱ्यानं काडीत पेरणारं खास यंत्र कुठून आणायचं? गावात एकाकडे पण नाही.

मातीची_पोरगी
रोटा_भारी दादा, तणाचा मुद्दा खरा आहे आणि त्यावर बोलायलाच हवं. मी कृषी पदवीची विद्यार्थिनी आहे, घरी लातूरलाच शेती. उगवलेल्या सोयाबीनला आणि छोट्या तणाला वखराची एक उथळ पाळी पुरते, दोन-तीन इंचापेक्षा खोल जायचं नाही, म्हणजे खालची ओल मोडत नाही आणि वरची भुसभुशीत माती भेगा बुजवून ओल झाकून ठेवते. हरळी-लव्हाळा मात्र रोट्यानं कमी होत नाही, वाढतो, कारण पाती त्याच्या कांड्यांचे तुकडे करून सगळ्या रानात पसरवतात. त्याला उन्हाळी नांगरट करून काशा (जमिनीतली कांडी-मुळं) वेचणं हाच उपाय, आणि तो तेवढ्या तुकड्यापुरताच.

आपल्याच राज्यात हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलेले लोक आहेत. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंचं एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) तंत्र भातापासून सुरू झालं, कायमचे गादीवाफे, नांगरणी नाही, मुळं जमिनीतच. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर तर किती वर्षांपासून बिना नांगरणीच्या शेतीवर लिहितायत. यंत्राचं म्हणाल तर गावात बीबीएफ (रुंद वरंबा-सरीवर पेरणारं) यंत्र आहे का बघा, पोकरा या सरकारी शेती प्रकल्पामुळे मराठवाडा-विदर्भात ती बऱ्याच ठिकाणी पोचलीत. खरिपात सोयाबीन बीबीएफवर असेल तर तोच वरंबा न मोडता त्यावर हरभरा येतो.

औसेकर दादा, तुमच्यासाठी काही आकडे. जिरायत हरभरा ऑक्टोबरच्या सुरुवातीला झालेला चांगला, पाणी असेल तर 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर चालतं. ओलीवर पेरताना बी खोल, 10 सेंमीपर्यंत, पाण्याखाली असेल तर 5 सेंमी. विजय वाणासारख्या मध्यम दाण्याला एकरी 26 ते 28 किलो, दिग्विजय, विशालसारख्या टपोऱ्या दाण्याला 40 किलो. पुढं हार्वेस्टरनंच काढायचा असेल तर फुले विक्रम बघा, उंच वाढतो आणि घाटे जमिनीपासून वर लागतात. खत एकरी एक पोतं डीएपी पुरे, पण बियाण्याच्या खाली पडू द्या, वर फेकलेला स्फुरद जागचा हलत नाही.

गव्हाचं गणित मात्र वेगळं आहे. त्याला नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा धरायचा, म्हणजे तुमच्याकडं वेळ आहे, तोवर काडी अर्धी कुजेल. बी बारीक अंतरावर आणि उथळ पडतं म्हणून ढेकळं चालत नाहीत, तिथं ओलवून वापशावर एक कल्टिव्हेटर आणि एक हलका रोटा मारलात तर मी नाही म्हणणार नाही. पण गव्हाला पाच-सहा पाणी लागतात. विहिरीचा भरवसा नसेल तर त्या दोन एकरांत पण हरभराच करा किंवा करडई, करडईला तर ओल संपली तरी मूळ खाली पाणी शोधत जातं.

औसेकर_शेती
ताई, खूप उपयोगी. वडिलांना हे वाचून दाखवलं, ते म्हणतात दोन एकरांत करडई त्यांच्या काळी असायचीच, रानडुकरांचा त्रास पण कमी होतो काट्यांमुळं. आता ठरवलंय की काडी पसरवून घ्यायची, जाड पट्टे उचलायचे, चाकोऱ्यात मोगडा आणि चार एकर सरळ पेरायचं. एकच शंका, सपाट रानात पेरल्यावर पुढं पाणी द्यायचं झालं तर कसं देऊ? पाण्यासाठी सारे (लांब वाफे) तर पाडलेले नसणार.

खारपाण_अकोला
तुषार संच असल तर प्रश्नच नाही, फांद्या फुटतानी एक आणि घाटे भरतानी एक, तेही हलकं. भर फुलात फवाऱ्याचं पाणी टाळा, फूल झडते. संच नसल तर पेरतानी दर सहा-आठ ओळींनंतर एका ओळीची जागा मोकळी सोडा, त्यात पेरणीनंतर बळीराम नांगरानं नाहीतर डवऱ्याले दोरी बांधून सरी पाडून घ्या, त्याच सरीतून पाणी जाते आणि अवकाळी आला तर निघूनही जाते. भारी रानात पाणी साचलं का हरभरा पिवळा पडलाच समजा, म्हणून सरीचं खालचं तोंड उघडं ठेवा.