सिव्ह ६: मूळ गेम खेळून झालाय, आता गॅदरिंग स्टॉर्म घ्यावं का?

रात्रपाळी:

नमस्कार मंडळी. सिव्हिलायझेशन ६ (संगणकावर एकेक टर्न, म्हणजे चाल, खेळत साम्राज्य उभारायचा गेम) चार वर्षं खेळतोय, पण नुसता मूळ गेम, २०१६ चा. कारखान्यात रात्रपाळी असते. सकाळी घरी आलो की झोप लागेपर्यंत दीड-दोन तास हाच माझा विरंगुळा. पण आता सगळे डाव एकाच वळणानं जातात. शंभराव्या टर्नपर्यंत कोण जिंकणार ते समजतं, पुढे नुसतं ‘नेक्स्ट टर्न’ दाबत बसायचं.

सध्या सेलमध्ये राइज अँड फॉल आणि गॅदरिंग स्टॉर्म ही त्याची दोन्ही एक्स्पान्शन (मूळ गेमला जोडायच्या पुरवण्या) दिसतायत. या महिन्यात एकच परवडेल. सातवा भाग माझ्या लॅपटॉपला झेपणार नाही, त्यामुळे तो सुचवू नका.

खरी शंका वेगळीच आहे. गॅदरिंग स्टॉर्ममध्ये पूर, ज्वालामुखी, वादळं, दुष्काळ असं सगळं आहे म्हणतात. मी तासन्‌तास खपून शहर उभं करणार आणि गेम एका फटक्यात ते पाडणार असेल, तर मग डावपेचाला अर्थ काय राहिला? नशिबाचाच खेळ हवा असेल तर पत्ते आहेत की घरात. ज्यांनी भरपूर खेळलंय त्यांनी कृपया मनापासून सांगा.

टुंड्रा:

एकच घ्यायचं तर गॅदरिंग स्टॉर्म. राइज अँड फॉलमधले गव्हर्नर, शहरांची निष्ठा, सुवर्णयुग आणि अंधारयुग, हे सगळं त्यात आपसूक मिळतं. मिळत नाहीत ते राइज अँड फॉलचे देश, नेते आणि वास्तू. म्हणजे चंद्रगुप्त हवा असेल, कोरिया, मंगोलिया किंवा ताजमहाल हवा असेल, तर ते वेगळं घ्यावं लागेल. ते पुढच्या सेलला बघा.

देश म्हणाल तर माली आणि माओरी या दोघांवर पैसे वसूल आहेत. माओरींचा कुपे भर समुद्रात डाव सुरू करतो, जमीन शोधून मग वस्ती. मालीचा मन्सा मूसा वाळवंटात सोन्याच्या राशी लावतो, पण इमारत बांधायला घेतली की रडकुंडीला आणतो. कॅनडा मला आवडतो, पण बर्फात शेती करायची हौस सगळ्यांना नसते.

कृष्णाकाठ:

रात्रपाळी, तुमची शंका रास्त आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी हे एक्स्पान्शन २०१९ च्या फेब्रुवारीत आलं त्याच आठवड्यात घेतलं आणि आजही महिन्यातून एखादा डाव होतोच.

गॅदरिंग स्टॉर्ममध्ये जमीन जिवंत होते. मूळ गेममध्ये नदी म्हणजे काय? घरांची सोय, व्यापारी केंद्राला थोडा फायदा, संपलं. इथे नदीला नाव असतं. तिच्या काठी पूरमैदानाचे षटकोन, म्हणजे नकाशातली सहा बाजूंची घरं, असतात आणि तिथे पूर येतो. साधा, मोठा आणि हजार वर्षांतून एकदा येणारा अशा त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पूर शेत मोडतो, इमारत मोडतो, मोठा असला तर लोकसंख्याही कमी करतो. पण पाणी ओसरल्यावर त्याच षटकोनावर धान्य किंवा उत्पादन एकानं वाढलेलं दिसू शकतं, आणि ते कायमचं. माझ्या रोमच्या एका डावात राजधानीशेजारचा गवताळ षटकोन दोन धान्याचा होता. तीन पूर झाल्यावर तो चार धान्य आणि एक उत्पादन देत होता, वर शेताचं वेगळं. तीन वेळा शेत मोडलं, तीन वेळा कामगार पाठवून दुरुस्त केलं. दुरुस्तीला कामगाराची फेरी (त्याला ठरावीकच कामं करता येतात, त्यातलं एक) खर्च होत नाही, हे लक्षात ठेवा. नदीकाठच्या शहरात एक फेरी शिल्लक असलेला कामगार कायम बसवून ठेवावा.

मी सांगलीचा. गेम घेतला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमच्याकडे कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. आईला आणि आजोबांना आधीच मिरजेला मावशीकडे हलवलं होतं. मी आणि भाऊ वरच्या मजल्यावर होतो, नंतर बोटीनं निघालो. परत आलो तेव्हा भिंतीवर सरळ पट्टी लावून ओढल्यासारखी चिखलाची रेघ होती. कपाटाची दारं फुगून उघडेनात. पाच दिवस घर धुतलं तरी फरशीच्या सांध्यांतून गाळ निघतच होता.

त्यानंतर दिवाळीपर्यंत गेम उघडला नाही. उघडला आणि बाराव्या-पंधराव्या टर्नलाच पूर आला. वरून दिसणारं ते गढूळ पाणी षटकोनांवर पसरलं आणि माझा हात माउसवरून बाजूला झाला. तो डाव तिथेच बंद केला.

पुन्हा खेळायला लागलो ते आजोबांच्या एका बोलण्यामुळे. आमचं नदीला लागून थोडं मळीचं रान आहे. कृष्णाकाठच्या वांग्यांचं नाव ज्यांनी ऐकलंय त्यांना मळी म्हणजे काय ते सांगायला नको. दरसाल गाळ बसतो, म्हणून ती वांगी तशी होतात. महापुरानंतर भाऊ म्हणाला, तिथे पत्र्याची शेड टाकू, अवजारं ठेवायला बरी. आजोबांनी साफ नाही म्हटलं. मळीत पीक घ्यायचं, भिंत घालायची नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला की मी गेममध्ये नेमकं उलटं करत होतो. पूरमैदानावर ग्रंथालयाचा परिसर (परिसर म्हणजे शहराचा एका कामासाठी राखलेला भाग), पूरमैदानावर छावणी, आणि मग पुराच्या नावानं बोटं मोडायची. आता तिथे फक्त शेत. परिसर एक घर मागे, उंचावर. तेव्हापासून पुरानं माझा एकही डाव बिघडवलेला नाही. उलट जिथे पूर येतो तीच जागा मी आधी पकडतो.

म्हणून म्हणतो, हा नशिबाचा खेळ नाही. नकाशा तुम्हाला पहिल्या टर्नलाच सांगतो की ही नदी आहे, हे पूरमैदान आहे, तो डोंगर धुमसणारा आहे. समुद्रकाठचे सखल षटकोन कोणते तेसुद्धा पुढे दिसतं, एक मीटर, दोन मीटर, तीन मीटर अशा खुणांसकट. वस्ती कुठे करायची ते तुम्ही ठरवता. भीती वाटत असेल तर पहिला डाव क्लिओपात्राचा इजिप्त घेऊन खेळा. पुरामुळे इजिप्तची शेतं आणि परिसर मोडत नाहीत, सुपीकता मात्र मिळते. नाईलचा देश आहे, तसंच हवं. आणि जमलं तर ग्रेट बाथ बांधा, मोहेंजोदडोचं स्नानगृह. ते पूरमैदानावरच बांधता येतं आणि त्या नदीच्या पुराचा मार कमी करतं. मीनाक्षी मंदिरही याच एक्स्पान्शनमध्ये आलं, पण त्यासाठी स्वतःचा धर्म स्थापन केलेला लागतो.

पुढे बट्रेसचं तंत्रज्ञान आलं की धरण बांधता येतं. एका नदीवर एकच. इथे मात्र माझी तक्रार आहे, आणि ती मनापासूनची आहे. गेममध्ये धरण बांधलं की पुराचा प्रश्न मिटला. पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं, वरच्या गावाचं काय, खालच्या गावाचं काय, असला विचारच नाही. आमच्या वरच्या अंगाला कोयना, खालच्या अंगाला दुसऱ्या राज्यातलं अलमट्टी. पावसाळ्यात रेडिओवर विसर्गाचे क्युसेक ऐकतच आम्ही जेवतो. एकच नदी दोन देशांतून वाहते तेव्हा काय होतं, यावर अख्खी राजनीती उभी करता आली असती. जागतिक परिषद याच एक्स्पान्शनमध्ये आणली, पण तिथे नदीचा विषयच निघत नाही. निघतं काय, तर अमुक चैनीच्या वस्तूवर बंदी घाला. परिषद हा मला यातला सर्वांत कच्चा भाग वाटतो. राजनैतिक विजयाच्या जवळ गेलात की बाकीचे सगळे मिळून तुमचे दोन गुण कापायचा ठराव मंजूर करतात. त्यावर उपाय म्हणजे आपणही स्वतःच्या विरोधात मत द्यायचं. निकाल बरोबर ओळखल्याचा एक गुण मिळतो, म्हणजे तोटा एकाचाच. उपाय चालतो, पण असं करून जिंकल्याचा आनंद होत नाही.

तुम्ही म्हणालात शंभर टर्ननंतर डाव मरतो. तो इथे मरत नाही, कारण कोळसा. लोखंड, कोळसा, तेल आता साठ्यातून वजा होतात. रणगाडा ठेवायचा तर दर टर्नला तेल जळतं. कारखान्यांना वीज लागते आणि वीजकेंद्रात कोळसा घातला की हवेतला कार्बन वाढतो. कोणी किती जाळला ते हवामानाच्या पानावर देशवार दिसतं. मागच्या डावात मी सुरुवातीपासून नदीवर जलविद्युत आणि टेकड्यांवर पवनचक्क्या लावत होतो. शेजारच्या जर्मनीनं कोळशावर कोळसा जाळला. समुद्र चढला, आणि बुडाले माझ्या बंदराच्या गावाचे दोन षटकोन, त्यातल्या एकावर मासेमारीच्या उत्पन्नावर पोसलेलं बाजाराचं ठिकाण. पूरभिंत उशिरा बांधायला घेतली होती. जितकं पाणी चढतं तितकी ती महाग होत जाते. त्या रात्री मी पहिल्यांदा जमिनीसाठी नाही, तर कोळशाच्या खाणी बंद पाडण्यासाठी युद्ध पुकारलं. दोनशेव्या टर्नच्या पुढे असं कारण मला मूळ गेमनं कधीच दिलं नव्हतं.

घ्या. बिनधास्त घ्या.

मधली_सुट्टी:

कृष्णाकाठ, प्रतिसाद दोनदा वाचला. आम्हीही तेव्हा कोल्हापूरला अडकलो होतो.

एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. पुराचं तुमचं म्हणणं पटतं, नदी दिसते. पण सगळ्याच संकटांना तो न्याय लागू होत नाही. दुष्काळ पडतो तेव्हा कसलीही पूर्वसूचना नसते आणि तो गेल्यावर जमीन सुपीकही होत नाही, नुसती हानी. चक्रीवादळही सांगून येत नाही. माझी नवी वसाहत वसवायला निघालेली माणसं वादळात सापडली आणि बेटावर पोचेपर्यंत ती जागा शेजाऱ्यानं घेतली होती. त्यात माझा निर्णय कुठे चुकला होता?

रात्रपाळी, तुम्हाला असल्या गोष्टींचा राग येत असेल तर डाव सुरू करताना संकटांची तीव्रता बदलता येते. ० ते ४ असा काटा आहे, नेहमीचा २ वर असतो. मी १ वर ठेवते. शून्य ठेवू नका, मग पुराची मजाही कमी होते. आणि लियांग नावाची गव्हर्नर आहे, तिची योग्य बढती घेतली की ज्या शहरात ती बसते तिथे संकटांनी काही मोडत नाही. ज्वालामुखीच्या पायथ्याच्या शहरात मी तिलाच बसवते. उद्रेकानंतरची राखेची जमीन फार कसदार असते हो, सोडवत नाही.

लॅपटॉप जुना असेल तर नकाशा लहान घ्या. शेवटी शेवटी टर्न संपायला वेळ लागतो.

कृष्णाकाठ:

दुष्काळाचं मान्य. जलवाहिनी किंवा धरण आधीच बांधलेलं असेल तर धान्य बुडत नाही, पण नसेल तर खेळाडूच्या हातात फार काही नाही, आणि निदान दोन टर्न आधी सूचना मिळायला हवी होती. तीव्रता १ ही सूचना पहिल्या डावासाठी चांगली आहे.

रात्रपाळी:

सगळ्यांचे आभार. घेतलं शुक्रवारी. पहिला डाव इजिप्तचाच खेळलो, तीव्रता १. दोन पूर आले, काही मोडलं नाही, धान्य वाढलं. सकाळी साडेसातला बसलो तो साडेअकरा कधी वाजले कळलं नाही, आई ओरडली तेव्हा उठलो.

काल रोम सुरू केलाय, तीव्रता २. एकविसावा टर्न. राजधानीच्या पूर्वेला नदी आहे, तिच्या अलीकडे सलग चार पूरमैदानं. व्यापारी केंद्राला नदीलगत सोन्याचे +२ मिळतात म्हणून मला ते तिथेच टाकायचंय. पण वरचं वाचल्यापासून हात थांबलाय. तिथे नको तर कुठे टाकू? उत्तरेला नदी वळते तिथे एक साधा गवताळ षटकोन आहे, त्याची एक कड नदीला लागते.

कृष्णाकाठ:

तोच. एक कड लागली तरी +२ पूर्ण मिळतात, आणि पूरमैदान नसल्यामुळे तिथे पाणी चढणार नाही. खालच्या चारही घरांत शेतं करा, लागून लागून. नदी त्या चारपैकी कोणत्या षटकोनाच्या दोन कडांना लागून जाते ते आत्ताच बघून ठेवा. तिथे पुढे धरण येईल, म्हणून शेत असलं तरी ती जागा दुसऱ्या परिसरासाठी अडवू नका. पहिला पूर कितव्या टर्नला आला ते इथे नक्की लिहा.