होळकरांच्या रुपयावर बादशहाचे नाव कसे?

प्रश्न: आजीच्या डब्यात चांदीचा एक जाडसर रुपया सापडला. एका बाजूस सूर्याचे मुख असून फारसी अक्षरे कडेला अर्धवट तुटलेली आहेत. येथील सराफ्यातील एका वृद्ध जाणकारांनी त्यावर मोगल बादशहा शाह आलमचे नाव वाचून दाखविले. नाणे इंदूरचे, मग नाव दिल्लीचे कसे?

उत्तर १: बाजारात लोकांचा विश्वास मोगली नावावर बसलेला असल्यामुळे, शाह आलम 1806 मध्ये निवर्तल्यानंतरही होळकरांच्या टांकसाळीत कित्येक दशके त्याच्याच नावाने रुपये पाडले जात होते. सूर्यमुख ही मल्हारनगरची, म्हणजे इंदूरची, खूण. महेश्वरच्या नाण्यांवर शिवलिंग आणि बेलाचे पान दिसते. अक्षरे तुटली म्हणून नाणे खोटे समजू नये, कारण ठसा चकतीहून मोठा असे आणि हातोड्याच्या घावाने जेवढा उमटेल तेवढाच उमटे.

उत्तर २: कृपया ते चिंचेने किंवा राखेने घासू नका. मी उत्साहाच्या भरात एक रुपया लख्ख केला आणि संग्राहकाने तो मोडीच्या भावाने मागितला!

प्रश्नकर्ता: आभारी आहे. कडेला डाक (धातूचा सांधा) लावल्याची खूण दिसते; बहुधा तो कधीकाळी गळ्यात होता.