'योग असेल तर भेटू' असं कुणाला म्हणालात का कधी?

खिडकीतली:
काल इस्त्री करताना टीव्हीवर 'सेरेंडिपिटी' लागला होता, 2001 चा. न्यू यॉर्क, नाताळची खरेदी, एकच हातमोज्यांचा जोड आणि दोन गिऱ्हाईकं. तो नंबर मागतो, तर बाई म्हणते नशिबाला ठरवू दे. त्याचा नंबर पाच डॉलरच्या नोटेवर, ती नोट खर्च. तिचा मार्केझच्या कादंबरीत, ती जुन्या पुस्तकांच्या दुकानात. वर दोघं वेगवेगळ्या लिफ्टमध्ये शिरतात, न सांगता मजला निवडायचा. दोघंही 23 च दाबतात! आणि त्याच्या लिफ्टमध्ये एक कार्टं घुसून सगळी बटणं दाबून ठेवतं.

एम.ए.ला असताना लायब्ररीत एकाने माझा पत्ता मागितला होता. मी शहाणी, म्हटलं योग असेल तर भेटू. योग कसला डोंबलाचा, आईची भीती वाटत होती. त्याने मान हलवली आणि माझं पेन परत दिलं. टोपण त्याच्याकडेच राहिलं.

तुमचं सांगा.

ठाणेकर_जलद:
मी वर्षभर 8:12 सोडायचो, कारण ती 8:20 ने जायची. लेडीजच्या शेजारचा डबा. बायको अजून सांगते, आमची गाठ देवाने बांधली. देवाला एकही लेट मार्क पडला नाही, मला दर महिन्याला तीन.

पोहे_विदाउट_कांदा:
36 पैकी 31 गुण जुळले होते. पहिल्या दिवाळीपासून एसी 18 की 24 यावर भांडतोय 😂

मंदा_के:
पाच डॉलर सोडा, आपल्याकडे 10 च्या नोटेवर 'सोनम गुप्ता बेवफा है' होतं.

ठाणेकर_जलद:
मंदाताई 🙏

जुनी_पाने:
पण ते पुस्तक शेवटी त्याच्या हातात देतं कोण? होणारी बायकोच, लग्नाची भेट म्हणून! का, तर हा दिसेल त्या दुकानात तेच पुस्तक उघडून बघतो, विकत मात्र घेत नाही, हे तिने बरोबर हेरलेलं. वर्षानुवर्षं पानं उलटली याने, श्रेय नशिबाला. मला त्या पोरीचंच वाईट वाटतं.

आणि हिरॉइनचा होणारा नवरा सनई वाजवतो, लक्षात आलं का? स्वतःच्या लग्नात वाजवायची राहिली बिचाऱ्याची.

सावली११:
आमचे हे त्या दिवशी कंपनीच्या बसने जाणार होते. संध्याकाळी येताना माझी औषधं आणायची म्हणून स्कूटर काढली. नऊ वर्षं झाली. मीच सांगितलं होतं का त्यांना, तेही आता नीट आठवत नाही. असो. लोकलचा किस्सा वाचून हसले आज.

मंदा_के:
सावली, काय बोलू गं. खासगीत निरोप करते.

खिडकीतली:
सावली ❤️ मी हे असं सहज विचारायला नको होतं.

सावली११:
अगं नाही, लिहा सगळ्यांनी. ते टोपणाचं पुढे काय झालं?

खिडकीतली:
काही नाही. पेन वाळलं, फेकलं.

पोहे_विदाउट_कांदा:
सिनेमात ती दोघं फ्रोझन हॉट चॉकलेट पितात ना? ते गार की गरम?

जुनी_पाने:
गार. बर्फ घालून घुसळलेला कोको समजा.

पोहे_विदाउट_कांदा:
मग हॉट कशाला म्हणतात?

मंदा_के:
कुकर झाला माझा, आले.