मुलाला डिस्लेक्सिया (लिहिण्या-वाचण्यातली अडचण) आहे, शाळा म्हणते ईएचसीपी (खास गरजा असलेल्या मुलांसाठी काउन्सिल करते तो मदतीचा कायदेशीर प्लॅन) फक्त स्टेट म्हणजे सरकारी स्कूलवाल्यांना मिळते. खरंय का? (इंग्लंड)

रीडिंगची_आई
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलंय त्याबद्दल आधीच सॉरी.

मुलगा इयर ४ ला आहे, साडेआठ वर्षांचा. रिसेप्शनपासून (शाळेचं पहिलं वर्ष) इंडिपेंडंट म्हणजे फी भरायच्या खासगी शाळेत घातलाय, वर्ग लहान असतात, लक्ष देतील म्हणून. जानेवारी २०२५ पासून फीवर २०% व्हॅट लागला तेव्हाच आमचं बजेट कोलमडलं होतं पण ओढाताण करून चालू ठेवलं. पोरगं बोलायला एक नंबर, अफझलखानाची गोष्ट आजोबांना व्हिडिओ कॉलवर वाघनखांच्या ॲक्शनसकट वीस मिनिटं सांगेल, पण तीच लिहायला बसवलं की तीन ओळी, बी आणि डी उलटे, आणि पेन्सिल इतकी दाबून धरतो की मागच्या दोन पानांवर उमटतं.

शाळेच्या सेंको (खास गरजा असलेल्या मुलांचं बघणाऱ्या टीचर) बाईंनी सांगितलं म्हणून प्रायव्हेट असेसमेंट केलं, ७५० पाउंड गेले, रिपोर्टमध्ये डिस्लेक्सिया आला. आता म्हणतात आठवड्यातून दोनदा स्पेशालिस्ट टीचर लावू, अर्ध्या तासाचे ३८ पाउंड, टर्मच्या बिलात वेगळे. ईएचसीपीबद्दल विचारलं तर म्हणे ती स्टेट स्कूलच्या मुलांसाठी असते. क्लास टीचरचं तिसरंच, घरी मराठी बोलता ना, म्हणून गोंधळ होत असेल. आणि मागच्या मीटिंगमध्ये हेडनी (मुख्याध्यापकांनी) हसतहसत विचारलं, ही शाळा त्याच्यासाठी बरोबर आहे असं तुम्हाला वाटतं का? घरी येऊन रडले मी. नवरा म्हणतो काढूनच टाकू. काय करावं?

हॅरोकर
ताई, आधी नवऱ्याला थांबवा 🙂 रागाच्या भरात काढलंत तर बहुतेक शाळा एका टर्मची नोटीस मागतात, नाही दिली तर पुढच्या टर्मची फी गळ्यात. कॉन्ट्रॅक्ट काढून बघा.

ईएचसीपीचं शाळेने जे सांगितलं ते चक्क चूक आहे. मूल कुठल्या शाळेत शिकतं याचा अर्जाशी संबंध नाही, तुम्ही स्वतः काउन्सिलला लिहू शकता, शाळेची परवानगी वगैरे काही लागत नाही. असेसमेंट करायचं की नाही हे त्यांनी ६ आठवड्यांत कळवायचं आणि सगळी प्रोसेस २० आठवड्यांत संपवायची असा नियम आहे, आता काउन्सिलं नियम किती पाळतात ते विचारू नका, आमचं पत्र यायलाच वर्ष गेलं. नाही म्हणाले तर ट्रायब्युनलमध्ये (असल्या वादांचं कोर्ट) अपील, आणि तिथे बहुतेक वेळा पालकच जिंकतात. इप्सा म्हणून पालकांना मदत करणारी संस्था आहे, तिच्या साइटवर पत्राचे तयार नमुने आहेत, फुकट. तुमच्या काउन्सिलची सेंडिआस सर्व्हिस पण फुकट सल्ला देते.

पण एक मेख आहे. प्लॅन मिळाला म्हणून काउन्सिल तुमची फी भरेल असं अजिबात धरू नका. ते म्हणणार आमच्या जवळच्या स्टेट शाळेत हे सगळं होतं, तिथे पाठवा. तरी तुम्ही स्वखुशीने, स्वखर्चाने इंडिपेंडंटमध्ये ठेवलंत आणि तिथली सोय ठीक आहे असं त्यांना दिसलं, तर प्लॅनमधला सपोर्ट पुरवायची त्यांची जबाबदारी संपते. व्हॅट पण सुटत नाही. आम्ही शेवटी मुलीला स्टेटमध्येच हलवलं, ती मजेत आहे, मीच उगाच सहा महिने तोंड पाडून बसलो होतो.

जोडाक्षर
ते घरी मराठी बोलता वालं आम्हालाही ऐकवलं होतं!! डोक्यात जातं. घरची भाषा वेगळी आहे एवढ्यावरून मुलाला लर्निंग डिफिकल्टी आहे असं धरता येत नाही हे कायद्यातच लिहिलंय, पण त्याचा अर्थ खरी अडचण भाषेच्या नावावर खपवायची असा होत नाही ना. कृपा करून घरी मराठी बंद करू नका, आम्ही चार महिने केलं होतं, आजीशी बोलणं तुटलं आणि वाचन होतं तिथेच राहिलं.

आमच्या असेसरने फार चांगला प्रश्न विचारला, मराठी वाचायला लागल्यावर काय होतं? आमचा शनिवारच्या मराठी शाळेत जातो, क ख ग पटकन शिकला पण जोडाक्षर आलं की गाडी बंद, 'पुस्तक' ला 'पुसतक' आणि ऱ्हस्व-दीर्घाचा तर आनंदच. ते रिपोर्टमध्ये गेलं आणि भाषेचा मुद्दा तिथेच संपला. तुमचा शिकत असेल तर त्याची वही घेऊन जा.

स्कॉटलंडवाली मावशी
वरचं सगळं इंग्लंडचं आहे हं, आमच्याकडे ईएचसीपी नसते, सिस्टीमच वेगळी. उगाच कोणी एडिंबराहून अर्ज करायचं.

नियमबहाद्दर
थोडं शाळेच्या बाजूनेही बोलतो, शिव्या नंतर द्या. स्टेट शाळेवर जेवढी बंधनं आहेत तेवढी इंडिपेंडंटवर नाहीत, सेंडचा कोड (खास गरजा असलेल्या मुलांबद्दलची सरकारी नियमावली) बहुतेक इंडिपेंडंट शाळांना तसा लागू नाही. त्यामुळे स्पेशालिस्ट टीचरचे पैसे मागणं सर्रास चालतं आणि ते प्रत्येक वेळी बेकायदाच असतं असं नाही.

पण इक्वालिटी ॲक्ट २०१० (भेदभावाविरुद्धचा कायदा) सगळ्या शाळांना लागू आहे. अडचण वर्षभर किंवा जास्त टिकणारी आणि रोजच्या कामावर बऱ्यापैकी परिणाम करणारी असेल तर डिस्लेक्सिया डिसॅबिलिटीत बसतो, आणि मग शाळेला रीझनेबल ॲडजस्टमेंट करावीच लागते, ती सुद्धा तुमच्याकडून पैसे न घेता. मोठ्या टाइपातल्या शीट, फळ्यावरचं उतरवून घ्यायची सक्ती नको, लिहायला जास्त वेळ, लॅपटॉप, असलं. भांडण फक्त रीझनेबल कशाला म्हणायचं यावर असतं. म्हणून अर्ध्या तासाच्या ३८ पाउंडांवरून वाद घालण्याआधी वर्गात काय करणार ते लेखी मागा. हेडचं ते वाक्य पण, मीटिंगनंतर एक साधी ईमेल टाका, "तुम्ही असं असं म्हणालात असं मला समजलं, चुकत असेल तर कळवा." बघा टोन कसा बदलतो. भेदभाव झालाच तर ट्रायब्युनलला ६ महिन्यांच्या आत जावं लागतं, तिथे भरपाई म्हणून पैसे मिळत नाहीत, माफी किंवा धोरण बदलायचा आदेश मिळू शकतो.

अजून एक. जीसीएसईच्या (इथली दहावीसारखी परीक्षा) एक्स्ट्रा टाइमसाठी आत्ताचा रिपोर्ट चालणार नाही, ते टेस्टिंग इयर ९ पासून पुढे, शाळेच्या असेसरकडूनच होतं. पण वर्गात आधीपासून जास्त वेळ दिला जातोय याचा पुरावा लागतो, तर तो आतापासून जमा करा.

रीडिंगची_आई
खूप खूप थँक्यू सगळ्यांना. कॉन्ट्रॅक्ट बघितलं, एक टर्मची नोटीस आहेच, नवरा गप्प झालाय 😅 हेडना ईमेल काल रात्री टाकली, सकाळी सेंको बाईंचा फोन, गुरुवारी भेटू म्हणाल्या, आणि लॅपटॉपचं "बघू" वरून "ट्राय करू" झालंय. मराठीची वही शोधली, 'पुस्तक' चं आमच्याकडे 'पुतस्क' आहे. ती घेऊन जातेय. काउन्सिलचं पत्र वीकेंडला लिहीन, इथे टाकलं तर कोणी बघून द्याल का?

हॅरोकर
टाका. मुलाचं आणि शाळेचं नाव काढून टाका फक्त.