मातीचे घर बांधायचे आहे : नैसर्गिक बांधकाम करणाऱ्यांच्या मेळाव्याला जावे का, आणि तिथे काय विचारावे?

प्रश्न – उमरेड मार्ग
नमस्कार. नागपूरजवळ उमरेड मार्गावर आमची वडिलोपार्जित शेती असून तिथे दोन खोल्यांचे मातीचे घर बांधण्याचा विचार आता पक्का होत आला आहे. येत्या हिवाळ्यात दक्षिणेकडे, लाल मातीच्या मुलखात, नैसर्गिक बांधकाम करणाऱ्यांचा एक मेळावा भरणार आहे आणि तिथे चिखल तुडवण्यापासून चुन्याच्या गिलाव्यापर्यंत सर्व कामे स्वतःच्या हाताने करायला मिळतात, असे कळले. माझी शंका अशी की, तिथे शिकलेले आमच्या काळ्या कापसाच्या जमिनीत कितपत उपयोगी पडेल? घरच्यांचे म्हणणे आहे की, एवढा खर्च करण्यापेक्षा गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्र्यांनाच विचारावे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – चुनकळी
जरूर जा, मात्र मिश्रणाचे प्रमाण वहीत उतरवून आणण्यासाठी जाऊ नका. लाल जांभ्या मातीतली चिकणमाती पाण्याने फारशी फुगत नाही, त्यामुळे तिथे वाळू आणि पेंढा मिसळून केलेली भिंत सहज उभी राहते. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली आहे आणि तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट ही चिकणमाती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, म्हणूनच मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथले प्रमाण इथे जसेच्या तसे वापरले, तर भिंत वाळतानाच तडकेल.

म्हणून सोबत स्वतःची माती न्या. वरच्या काळ्या थराची एक पिशवी, त्याखालच्या पिवळट मातीची किंवा मुरमाची दुसरी, आणि गावात जुनी पांढरी, म्हणजे जुन्या गावठाणातली पांढरट माती, शिल्लक असेल तर तिची तिसरी. मेळाव्यात बरणीची चाचणी कोणीही करून दाखवील : बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, आणि मग जोरात हलवून बरणी स्थिर ठेवायची. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ त्यानंतर, आणि चिकणमाती पूर्ण बसायला दिवस किंवा त्याहूनही अधिक लागतो. थरांची जाडी मोजून कोणत्या मातीत किती वाळू घालावी याचा अंदाज घेता येतो, आणि अनुभवी माणसासमोर आपल्याच मातीचे गोळे वळून ते खाली टाकून पाहण्यासारखी दुसरी शिकवण नाही. माझे मत विचाराल तर भिंतीसाठी वरची काळी माती वापरूच नये. मुरूम आणि पांढरी यांवर भर द्यावा. काळीच वापरायची झाली, तर तिला सिमेंटपेक्षा चुना अधिक मानवतो, कारण चुन्याने चिकणमातीची फुगण्याची खोड कमी होते.

आणखी एक. अशा ठिकाणी नव्या घरांची सुंदर छायाचित्रे दाखवतात. ती पाहून झाली की त्याच भिंतीचे चार-पाच पावसाळ्यांनंतरचे छायाचित्र मागा आणि दरवर्षी सारवण, गिलावा कोण करते तेही विचारा.

उत्तर – स्थापत्य अभियंता, नागपूर
वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु त्यात पायाचा विषय राहिला. काळ्या जमिनीवर भिंत मातीची असो वा काँक्रीटची, पाया हलला की ती तडकणारच. थर उथळ असेल तर तो काढून खालच्या मुरमापर्यंत जावे. खोल असेल, तर तळाशी फुगीर गोळा असलेल्या खांबांचा पाया घालावा. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनींसाठी विकसित केली आहे. मातीच्या घरांच्या भूकंपरोधासाठी आयएस १३८२७ आणि स्थिरीकृत मातीच्या विटांसाठी आयएस १७२५ ही भारतीय मानके आहेत. ती वाचून गेलात तर प्रश्न नेमके विचारता येतील.

उत्तर – वर्धेकर
घरच्यांचे म्हणणे एकदम उडवून लावू नये. दक्षिणेचे तिकीट काढण्याआधी सेवाग्रामला जाऊन या. नागपूरहून अंतर जेमतेम ७५ किलोमीटर. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले, तेव्हापासूनच्या माती, बांबू आणि कवेलूंच्या (कौलांच्या) कुट्या आपल्याच हवामानात उभ्या आहेत. गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी भिंतीवर मातीतच उठावाने काढलेली झाडे आणि चरखा सगळेच पाहतात. तुम्ही छताच्या वळचणी भिंतीपासून किती पुढे काढल्या आहेत आणि पडव्यांमुळे पावसाचा झोत भिंतीपर्यंत कसा पोहोचत नाही, ते पाहा. वर्ध्यातच १९७६ पासून ग्रामोपयोगी तंत्रज्ञानावर काम करणारे सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस आहे, तिथेही चौकशी करावी.

म्हाताऱ्या मिस्त्र्यांना गावची माती कुठे खणावी हे कोणत्याही तज्ज्ञापेक्षा अधिक ठाऊक असते. त्यांच्यापैकी बहुतेकांनी गेली कित्येक वर्षे फक्त सिमेंटचेच काम केले आहे, ही अडचण खरी. शक्य असेल तर त्यांनाच मेळाव्याला सोबत न्या. पुढे भिंत त्यांनाच बांधायची आहे.

प्रश्नकर्ता – उमरेड मार्ग
सर्वांचे आभार. मिस्त्र्यांना नेण्याची सूचना घरीही पटली. छताला बांबू वापरायचा असून गावात उधईचा (वाळवीचा) त्रास फार आहे. त्यासाठी मेळाव्यात काय पाहावे?

उत्तर – चुनकळी
बांबू तिथे शोधू नका, तो आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत उत्तम मिळतो आणि त्यातली मानवेल ही जात जवळजवळ भरीव असल्याने छताला चालते. पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेला, पक्व झालेला बांबू घ्यावा. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात तो कसा मुरवतात, हे मात्र मेळाव्यात स्वतः करून पाहा. ही रसायने पाण्यात विरघळतात, म्हणून असा बांबू छपराखाली कोरडा राहील अशाच जागी वापरावा. मातीच्या पिशव्या नेताना माती आधी उन्हात पूर्ण वाळवा आणि प्रत्येकीवर ती किती खोलीवरची आहे ते लिहा.