“सर आता इथे बसत नाहीत”: डॉक्टरने जाताना पेशंटला सांगायला हवं की नको?

पेन्सिल:
बाबांना अकरा वर्षांपूर्वी हृदयाची धातूची झडप बसवली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी एसिट्रॉम रोज आणि रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी पीटी-आयएनआर तपासणी महिन्याला. एक दिवस दोन मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी तीन, असं आई कालनिर्णयच्या चौकोनांत पेन्सिलीने लिहिते. बाबांचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर झडपेवर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची.

गेल्या मंगळवारी रिपोर्ट ४.६ आला. दाढेसाठी अँटिबायोटिक घेतलं होतं, त्याने चढला असणार. रुग्णालयात फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “सर आता इथे बसत नाहीत.” कधीपासून? “एक तारखेपासून.” कुठे बसतात? “ते आम्हाला सांगता येत नाही. दुसऱ्या मॅडम आहेत, त्यांची परवाची अपॉइंटमेंट देऊ?” परवा! आणि फी नव्या पेशंटची, पाचशेऐवजी आठशे.

तीन आठवड्यांपूर्वीच सरांसमोर बसलो होतो. “पुढच्या महिन्यात या,” म्हणाले. तेव्हा त्यांना माहीत नव्हतं? डॉक्टरने कुठेही जावं, पण जाताना सांगू नये?

स्पष्टवक्ता:
डॉक्टर म्हणजे घरचे गुरुजी नव्हेत. काम बदललं, गेले. बँकेच्या मॅनेजरची बदली झाली की तो तुम्हाला फोन करतो का? फाइल तुमच्याकडे, रिपोर्ट तुमच्याकडे, आकडा बघून डोस बदलणं कुठल्याही एमडीला येतं. एकाच माणसाला चिकटून बसायची सवय आपलीच.

बार्शीकर:
मॅनेजर बदलला म्हणून कुणाच्या मेंदूत गुठळी जात नाही, भाऊ.
आमच्याकडचे डॉक्टर सत्तरी ओलांडल्यावर थांबले. दोन महिने आधी शटरवर पुठ्ठा टांगला, आणि केसपेपर चपलांच्या खोक्यांत आडनावाप्रमाणं लावून ज्याचे त्याला देत बसले. माझ्या आज्जीच्या कागदावर पहिली नोंद १९८७ ची. न्यायला कुणी आलं नाही ती खोकी कंपाउंडरच्या माळ्यावर गेली. हे सगळं एका म्हाताऱ्या माणसानं केलं, तेही संगणकाशिवाय.

रात्रपाळी:
मी डॉक्टर. तीन वर्षांपूर्वी असंच एक रुग्णालय सोडलं, म्हणून आतलं सांगतो. आम्ही तिथे करारावरचे कन्सल्टंट. करारात दोन अटी: सोडल्यावर अमुक किलोमीटरच्या आत बसायचं नाही, आणि पेशंटशी संपर्क ठेवायचा नाही, कारण पेशंट ‘रुग्णालयाचे’. नंबर सगळे त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये. शेवटच्या दिवशी संध्याकाळी माझं लॉगिन बंद झालं. आधी कुणाला सांगितलं असतं तर पेशंट पळवतो म्हणून मानधन अडकलं असतं. (अडकलंच, तो वेगळा विषय.) शिवाय पेशंट ओढणं आमच्या आचारसंहितेत बसत नाही. म्हणून गप्प राहिलो. बरं वाटलं असं नाही.

पेन्सिल:
रुग्णालयाला नोटीस किती दिलीत?

रात्रपाळी:
तीन महिने.

पेन्सिल:
आणि पेशंटला शून्य. बरं.

वकिलीण:
डॉक्टरसाहेब, आचारसंहिता अर्धीच सांगितलीत. वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम काढून बघा. एकदा केस हाती घेतली की पेशंटला आणि कुटुंबाला पुरेशी सूचना दिल्याशिवाय अंग काढून घ्यायचं नाही, असं त्यांत लिहिलंय. पत्ता बदलल्याची वर्तमानपत्रात साधी घोषणा करायलाही परवानगी आहे. ती जाहिरात धरत नाहीत. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, ते त्याच ऑगस्टमध्ये स्थगित झाले आणि २००२ चेच पुन्हा लागू झाले. किलोमीटरच्या अटीचं म्हणाल तर करार कायद्याच्या कलम २७ पुढे ती काम सुटल्यावर टिकणं अवघड.

पेन्सिल, तुम्ही रेकॉर्ड लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत द्यावं लागतं. मात्र तीन वर्षं जपून ठेवायची सक्ती फक्त दाखल झालेल्या पेशंटच्या कागदांची आहे, ओपीडीचं तुमचं तुम्हीच जपा. आणि खरी मेख अशी की हे नियम डॉक्टरला लागू आहेत. वैद्यक परिषद रुग्णालयाला हात लावत नाही.

मेडिकलवाला:
काउंटरवर बसून सांगतो, हे नेहमीचंच. “डॉक्टर गेले, चिठ्ठी जुनी आहे, गोळी द्या.” जुन्या चिठ्ठीवर द्यायची नसते, पण फिटची गोळी एकदम बंद झाली की काय होतं ते मी दुकानाच्या पायरीवर पाहिलंय. मग चार दिवसांच्या देतो आणि बोलणी खातो.
ताई, तुमच्या मेडिकलवाल्याला सांगा, एमआरला, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीला, विचार. कुठला डॉक्टर कुठे बसायला लागला ते त्या पोरांना सगळ्यात आधी कळतं. रिसेप्शनवर कशाला डोकं फोडता?

स्पष्टवक्ता:
घ्या, सुटला प्रश्न. पाटी लावायला माझी ना नाही. पण हजारो पेशंटना फोन करत बसा म्हणणं जरा जास्तच होतं.

पेन्सिल:
फोन कोण मागतंय? या रुग्णालयाचा बाबांना वाढदिवसाचा मेसेज येतो. हेल्थ चेकअपवर सूट म्हणून दर आठवड्याला येतो. धन्वंतरी पूजेचं आमंत्रणसुद्धा आलं होतं. त्याच नंबरवर ‘अमुक डॉक्टर एक तारखेपासून नाहीत’ एवढी ओळ जाईना?

रात्रपाळी:
याला माझ्याकडे उत्तर नाही. पेशंटला सांगायचंय म्हणून मी लेखी परवानगी मागायला हवी होती. मागितली नाही.

बार्शीकर:
ताई, पुढं काय झालं ते तर सांगा. बाबा बरे ना?

पेन्सिल:
बरे आहेत. परवापर्यंत थांबलो नाही, त्याच दुपारी जाऊन मॅडमच्या दारात बसलो. त्यांनी आत घेतलं, एक दिवस गोळी थांबवली, डोस बदलला. आज २.९. कालनिर्णयवर आईने सगळं खोडून नव्याने लिहिलंय.
एमआरकडून सरांचा पत्ताही मिळाला. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. आई म्हणते सरांकडेच जाऊ. बाबा म्हणतात, मॅडमचं अक्षर वाचता येतं.